बारा इंची डान्स रेकॉर्डवर गाणी किती? आधी मिनिटं मोजा

ठाणे-नवी मुंबईत डान्सचं संगीत बहुतेक घरच्या खोलीतच तयार होतं. घणसोली, दिवाळे, चेंदणीकडे हळदीच्या आगरी-कोळी गाण्यांवर बीट चढवले जातात. खारघर आणि घोडबंदर रोडच्या इमारतींत कुणी हाऊस करतं, कुणी टेक्नो. लॅपटॉपवर दहा-बारा ट्रॅक तयार असतात. रेकॉर्ड काढायचं ठरलं की मनात पहिली गोष्ट येते ती अशी: एवढा खर्च करतोच आहोत, तर बसतील तितकी गाणी घालू. गाडं इथेच अडतं. फाइलींच्या अल्बममध्ये पाचवं गाणं घातलं म्हणून पहिल्याचं काही बिघडत नाही. रेकॉर्डवर मात्र नव्या गाण्याची जागा आधीच्या गाण्यांच्या बेसमधून आणि आवाजातून कापली जाते. म्हणून गाण्यांची संख्या शेवटी ठरवा, एका बाजूची मिनिटं आधी.

जागेचा हिशोब

तबकडीच्या एका बाजूवर चर (सुई ज्यातून फिरते ती खाच) एकच असतो, सलग. बारा इंचीवर तो केंद्रापासून साधारण १४६ मिलिमीटरवर सुरू होतो आणि लेबलच्या अलीकडे ६० मिलिमीटरच्या आसपास संपतो. म्हणजे हातात पट्टा आहे ८६ मिलिमीटरचा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरत असेल तर १० मिनिटांना ३३३ फेरे लागतात आणि प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला सरासरी ०.२५८ मिलिमीटर येतात. बाजू २० मिनिटांची केली की फेरे ६६७ होतात आणि वाट्याला ०.१२९ मिलिमीटर उरतात. चराची स्वतःची रुंदी ०.०६ धरा. पहिल्या बाजूवर चराला डोलायला ०.१९८ मिलिमीटर मिळाले, दुसरीवर ०.०६९.

हे डोलणं म्हणजेच बेस. किक किंवा ढोलाचा ‘धूम’ पडला की चर आडवा वळण घेतो. आवाज जितका मोठा आणि सूर जितका खालचा, तितकं वळण रुंद. जागा तिसऱ्या हिश्श्यावर आली की शेजारच्या चरात शिरू नये म्हणून कटिंग इंजिनिअरला आवाज खाली घ्यावा लागतो. वरच्या आकड्यांवरून हा फरक सुमारे ९ डेसिबलचा निघतो. प्रत्यक्षात फटका यापेक्षा कमी बसतो, कारण चांगली लेथ (चर कापणारं यंत्र) पुढे येणारा आवाज आधीच ऐकते, शांत जागी चर जवळजवळ आणते आणि मोठ्या जागी लांब नेते. पण सलग चार मिनिटं किक चालू असलेल्या ट्रॅकमध्ये शांत जागा असतेच किती? त्यामुळे या सोयीचा सगळ्यात कमी फायदा डान्स संगीतालाच होतो.

बारा इंची सिंगल जन्माला आली ती याच जागेसाठी. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये सात इंची तबकडीवर लांब मिक्स मावेना आणि मावला तर दमदार वाजेना. मग मोठ्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणं कापायला सुरुवात झाली, आणि १९७६ मध्ये साल्सोल या लेबलने अशी सिंगल दुकानात विक्रीला आणली.

३३⅓ की ४५?

‘४५ वर आवाज मोठा येतो’ असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ४५ वर मिनिटाला फेरे जास्त, म्हणजे १० मिनिटांना ४५० फेरे आणि प्रत्येकाला फक्त ०.१९१ मिलिमीटर. बेसच्या दृष्टीने हा तोटाच आहे. फायदा होतो वरच्या सुरांना.

सुईखालून चर किती वेगाने सरकतो ते पाहा. ३३⅓ वर बाहेरच्या कडेला तो सेकंदाला ५१ सेंटिमीटर सरकतो आणि शेवटी लेबलजवळ फक्त २१. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या एका लहरीला बाहेर ५१ मायक्रॉन लांबी मिळते, आत २१. एवढ्या आखूड वळणात सुईचं टोक नीट बसत नाही, आणि हाय-हॅटचा (ड्रमच्या जोडझांजेचा) ‘त्स’ फाटून ‘ख्श’ होतो. ४५ वर केंद्रापासून ७५ मिलिमीटरवर जो वेग मिळतो, त्यासाठी ३३⅓ वर १०१ मिलिमीटरवर थांबावं लागेल. म्हणून ४५ हवी तर गाणं लहान हवं: बेसलाही पुरेशी जागा मिळते आणि वरचा आवाजही स्वच्छ येतो.

कामाला येणारे आकडे असे. बारा इंचीवर ४५ ला एका बाजूला ८ ते ९ मिनिटं उत्तम, १२ ही शेवटची मर्यादा. ३३⅓ ला १२ मिनिटांपर्यंत निर्धास्त राहा, १५ पर्यंत चालतं. १८ च्या पुढची तबकडी घरी ऐकायला ठीक. डीजेने ती दुसऱ्या रेकॉर्डला जोडली की तिचा आवाज पडलेला लगेच कळतो. सात इंचीला ४५ वर चार-साडेचार मिनिटांपलीकडे जाऊ नये.

यावरून गाण्यांचा आकडा आपोआप निघतो. सहा-साडेसहा मिनिटांचे ट्रॅक असतील तर बाजूला एक, ४५ वर. पाच-साडेपाचचे असतील तर बाजूला दोन, ३३⅓ वर. हळदीची साडेतीन मिनिटांची गाणी बाजूला तीन बसतात, पण ती तिन्ही सारखीच जोरकस असतील तर दोनच घ्या. एका तबकडीवर आठ ट्रॅक बसवायचा बेत असेल तर तो अल्बम आहे आणि त्याला दोन तबकड्या लागतील. तिथे मग लॅकर (चर जिच्यावर आधी कापतात ती मऊ थराची तबकडी), प्लेटिंग (तिच्यावरून छपाईचे धातूचे साचे बनवणं), लेबल सगळा खर्च दुप्पट होतो. यातला लॅकर आणि प्लेटिंगचा खर्च प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसतो, १०० काढा की ५००, तो तेवढाच. म्हणून पहिल्याच खेपेला दोन तबकड्यांच्या मागे लागू नका. उरलेली गाणी डाउनलोड कोडवर द्या, त्यात कमीपणा काही नाही.

कोणती ठेवायची, कोणती वगळायची

आपलं गाणं वगळणं जिवावर येतं, म्हणून आधी कसोटी ठरवा आणि मग ऐका. सगळे ट्रॅक एकाच जाणवणाऱ्या आवाजावर आणा, नाहीतर मोठा वाजणाराच चांगला वाटतो. मग प्रत्येक ट्रॅक ओळखीच्या दोन छापील गाण्यांच्या मध्ये ठेवून मिक्स करा. तुमचा ट्रॅक आला की खालचा भाग पोकळ वाटतो का? लोक नाचायचे थांबून पाण्याच्या बाटलीकडे वळतील अशी जागा कुठे येते? पंधरा दिवसांनी तेच पुन्हा करा. दोन्ही वेळेला टिकला तो ट्रॅक ठेवा.

एकाच किकवर आणि एकाच बेसवर उभे असलेले दोन ट्रॅक असतील तर त्यांतला एकच घ्या. ‘ओरिजिनल’, ‘क्लब मिक्स’, ‘इन्स्ट्रुमेंटल’ अशी तीन रूपं भरून बाजू सजवण्यापेक्षा एक रूप नीट कापलेलं केव्हाही बरं. अपवाद एक: हळदीच्या गाण्याचं बिनगायनाचं रूप डीजेला खरोखर लागतं, कारण त्यावर तो दुसऱ्या गाण्याचे बोल चढवतो. ते द्यायचं असेल तर दुसऱ्या बाजूला द्या.

जुन्या कोळीगीताचा तुकडा वापरला असेल तर इथेच थांबून परवानगीचं पाहा. चाल पारंपरिक असली तरी ती ज्या रेकॉर्डिंगमधून उचलली त्याची मालकी कुणाची तरी असते. प्रेसिंग प्लांट (रेकॉर्ड छापणारा कारखाना) हक्कांचं लेखी हमीपत्र मागतो, आणि लॅकर कापून झाल्यावर गाणं बदलायचं म्हणजे ती संपूर्ण बाजू नव्याने कापणं आलं.

कात्री कुठे लावायची

ट्रॅक सात मिनिटांचा आहे आणि जागा साडेपाचची, तर डीजेच्या कामाचं आहे ते आधी वाचवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) चार ठोक्यांचा एक बार बरोबर २ सेकंदांचा. सुरुवातीचे ३२ बार म्हणजे ६४ सेकंद, शेवटचे ३२ तेवढेच. दोन्ही टोकांचे १६-१६ बार कमी केले की ६४ सेकंद वाचले, आणि मिक्स करायला १६ बार उरतातच. याहून कमी करू नका. रेकॉर्डवर डीजेला हाताने वेग जुळवायचा असतो, त्याला तेवढा वेळ हवा. उरलेली २६ सेकंद मधल्या ब्रेकमधून किंवा दुसऱ्यांदा येणाऱ्या कडव्यातून काढा. वेग वाढवून मिनिटं वाचवू नका, नाचणाऱ्यांना ते पायात कळतं.

क्रम

बाजूवर दोन ट्रॅक असतील तर बाहेर कोणता आणि आत कोणता, यावर अर्धी लढाई आहे. वर पाहिलं तसं आतल्या चरात वरचे सूर फाटतात. ताशा, झांज, बेंजोची तार, हाय-हॅट, ‘स-श-च’ ची गर्दी असलेलं गायन बाहेर. मऊ कीबोर्ड, गोल बेस, ढोलकीच्या ठेक्यावरचं संथ गाणं आत. ताशाचा कडकडाट शेवटच्या चरात टाकलात तर जगातला कुठलाही इंजिनिअर तो वाचवू शकत नाही. तो फक्त वरचे सूर कापून बोथट करून देईल. दोन्ही ट्रॅक सारखेच झणझणीत असतील तर ते एका बाजूला ठेवूच नका. एक ‘ए’ बाजूच्या बाहेरच्या कडेला, दुसरा ‘बी’ च्या.

गाण्यांच्या मधे २-३ सेकंदांची फट सांगा. डीजे सुई टाकताना त्या चकचकीत पट्टीवरूनच जागा हेरतो.

मिक्स सुधारणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक पुढे पैसे टाकूनही निघत नाही.

पहिलं काम बेस मधोमध आणणं. चरात डावा-उजवा आवाज सारखा असेल तर सुई फक्त आडवी हलते. दोन्हीकडे उलटसुलट असेल तर ती वर-खाली हलते, चर कधी इतका उथळ होतो की सुई उडते, कधी इतका खोल की लॅकरखालच्या ॲल्युमिनियमला टेकतो. म्हणून १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डावं-उजवं एकसारखं) करा. कटिंगच्या वेळी इंजिनिअरही हे करतो, पण तोपर्यंत वाट पाहिली तर तुमच्या बेसचा रंगच बदलून परत येईल.

आपल्याकडच्या ढोलात हे हमखास बिघडतं. दोन तोंडांच्या ढोलाला दोन माइक लावतात, जाड तोंडाचा डावीकडे, बारीक तोंडाचा उजवीकडे. एका तोंडावर टिपरू पडलं की ते आत जातं आणि त्याच क्षणी आतली हवा दुसरं तोंड बाहेर ढकलते. दोन माइकमध्ये ‘धूम’ उलटसुलट भरला जातो. हेडफोनवर तो भव्य, रुंद वाटतो. मास्टरला मोनोचं बटण दाबा: ‘धूम’ गायब होऊन नुसती ‘टक-टक’ उरली तर हाच घोटाळा आहे. बारीक तोंडाच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा आणि पुन्हा मोनोत ऐका. ढोल परत छातीवर आला पाहिजे. मग बारीक तोंडाच्या ट्रॅकचा १५० च्या खालचा भाग कापून टाका आणि जाड तोंड मधोमध ठेवा.

३० हर्ट्झच्या खाली जे आहे ते काढा. ते ऐकू येत नाही, चर मात्र हलवतं. १६ किलोहर्ट्झच्या वर हलका उतार द्या.

गायनातला ‘स-श’ डी-एसरने ६ ते १० किलोहर्ट्झमध्ये आवरा. लग्नाच्या गाण्यांत ‘शालू’, ‘सासर’, ‘चुडा’ असे शब्द ओळीओळीला येतात आणि प्रत्येक ठिकाणी सुई खरडते. सगळ्या गाण्यावर एकच डी-एसर जोरात लावला तर गायक बोबडा वाटतो. त्यापेक्षा प्रत्येक ‘श’ शोधून हाताने ३-४ डेसिबल खाली घ्या. एका गाण्याला तासभर जातो, जाऊ द्या.

लिमिटर काढा. फाइलवर आवाज चपटा करून मोठा केला म्हणून रेकॉर्डवर तो मोठा होत नाही. चराचा आवाज इंजिनिअर जागेनुसार ठरवतो, आणि चपट्या फाइलमुळे फक्त किकचा ठोसा जातो.

आणि खोली. ठाण्यातल्या फ्लॅटमधली १० बाय १२ फुटांची बेडरूम ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. किकचा पाया बरोबर याच पट्ट्यात असतो. भिंतीजवळ बसलात तर बेस जास्त वाटतो आणि तुम्ही तो कमी करता. खोलीच्या मध्यावर बसलात तर तो नाहीसाच होतो आणि तुम्ही वाढवता. बसायची जागा लांबीच्या मध्यावर नको, पुढच्या भिंतीपासून साधारण एक-तृतीयांशावर ठेवा, आणि बेसचा शेवटचा निर्णय चांगल्या हेडफोनवर आणि एखाद्या हॉलच्या मोठ्या सिस्टीमवर घ्या. हॉलवाल्याशी दुपारची वेळ ठरवून ठेवा, रात्री १० नंतर लाउडस्पीकरवर निर्बंध आहेत.

फाइल पाठवताना

बाजूला एक अशा दोनच सलग फाइली द्या, गाण्यांमधल्या फटींसकट. २४ बिट वेव्ह, ज्या सॅम्पल रेटवर काम केलंत त्याच रेटवर, शिखर शून्याच्या ३ डेसिबल खाली. सोबत कागद: बाजू, वेग, प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदांत, बाजूची एकूण वेळ, आणि कुठे मुद्दाम आवाज फाटका ठेवला असेल तर ती जागा. शेवटची ओळ लिहिली नाही तर इंजिनिअर ते दुरुस्त करायला जातो.

लॅकर की डीएमएम हा प्रश्न येईल. लॅकर म्हणजे ॲल्युमिनियमवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर, डीएमएम म्हणजे थेट तांब्यात कापणं. लांब बाजूंना आणि स्वच्छ वरच्या सुरांना डीएमएम बरं पडतं. किकवर उभ्या असलेल्या छोट्या बाजूला लॅकर द्या. १८० ग्रॅमच्या जाड तबकडीसाठी जादा पैसे देऊ नका. चर तोच असतो, १४० ग्रॅमवरही तसाच वाजतो. तेच पैसे चांगल्या कटिंगवर लावा.

बाजूच्या शेवटी बंद चर (एकच फेरा पुन्हा पुन्हा वाजत राहणारा) ठेवायची हौस असेल तर गणित लक्षात घ्या. ३३⅓ ला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे १३३.३३ बीपीएमला त्यात बरोबर चार ठोके बसतात. चार ठोक्यांचं दुसऱ्या कुठल्या वेगाचं लूप तिथे अडखळतं. डीजेला हे फार आवडतं आणि जागा जवळजवळ लागत नाही.

टेस्ट प्रेसिंग कशी ऐकायची

प्लांटकडून काही नमुना प्रती येतात. त्या वाटून टाकू नका, किमान तीन प्रती स्वतः पूर्ण ऐका. एखादा ‘टक’ आला की मिनिट-सेकंद लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तीच जागा ऐका. सगळ्या प्रतींवर त्याच जागी असेल तर दोष लॅकरमध्ये किंवा स्टँपरमध्ये (छपाईच्या साच्यात) आहे, तो प्लांटला कळवायचा. एकाच प्रतीवर असेल तर तो त्या प्रतीचा दोष आहे. कापड फाटल्यासारखा आवाज थोडा वेळ एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर प्लास्टिक चरात पूर्ण भरलेलं नाही. तापमान आणि दाबाचा हा प्रश्न, सुधारता येतो. टोनआर्म (सुईचा दांडा) दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही, लांब सुरात ते लगेच कानाला लागतं.

डीजेच्या टर्नटेबलवर ३ ग्रॅमच्या आसपास वजन ठेवून वाजवा, मग घरच्या हलक्या सुईवर. दुसऱ्या ठिकाणी आतलं गाणं फाटत असेल आणि पहिल्या ठिकाणी नाही, तर सुई आणि तिची जुळणी तपासा, प्लांटला दोष देण्याआधी. दोन्हीकडे फाटत असेल तर बाजू लांब झाली आहे किंवा क्रम चुकला आहे. मंजुरी देण्याआधी हे कबूल करणं स्वस्त पडतं.

छपाई, वजन, साठवण

लेबलवर वेग मोठ्या अंकांत छापा, दोन्ही बाजूंना. एक बाजू ३३⅓ आणि दुसरी ४५ असेल तर दुप्पट मोठ्या. शेजारी बीपीएम द्या. अंधारात मोबाइलच्या उजेडात वाचणाऱ्यासाठी छापायचंय, हे डिझाइन करणाऱ्याला सांगा.

१४० ग्रॅमची तबकडी, आतलं पाकीट आणि कव्हर मिळून एक नग सुमारे २३० ग्रॅमचा. ३०० प्रती म्हणजे खोक्यांचं वजन सोडून ६९ किलो. हा माल लिफ्टने वर नेऊन ठेवायला जागा लागते, आधी बघून ठेवा. खोकी उभी ठेवा, तबकड्या आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडवर बंद गाडीत दुपारभर ठेवल्या तर त्या पन्हळीच्या पत्र्यासारख्या होऊन निघतील.

पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते आणि ती चरात उतरते. बाहेरच्या भिंतीला लागून खोकी ठेवू नका, जमिनीपासून चार बोटं उंच ठेवा, प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुलैत एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा खोकी उघडून पुड्या बदला.